एका शब्दाची कुळकथा

कोणत्याही जुन्या देवस्थानाचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांच्या कानी 'कूळ' हा शब्द दोन निरनिराळ्या ठिकाणी पडलेला असतो. जत्रेच्या दिवसांत कारवार, मंगळूर, बेळगाव, मुंबई अशा ठिकाणांहून जी घराणी कुलदेवतेच्या दर्शनाला येतात, ओटी भरतात, अभिषेक करवितात, नव्या सुनेला देवीच्या पायांवर घालतात, ती त्या देवस्थानाची कुळावी. आणि देवाच्या नावावर असलेले शेत किंवा भाट जो कसतो, पावसाळ्यात चिखलात उभा राहतो व सुगीनंतर ठरलेला खंड देवाच्या कोठारात आणून घालतो, ते त्या देवस्थानाचे कूळ. पहिल्याचे नाव घेताना घराण्याचा, गोत्राचा, मूळ गावाचा उच्चार होतो. दुसऱ्याच्या नावापुढे भात किती आले आणि बाकी किती राहिली एवढेच लिहितात. शब्द मात्र एकच.

हे दोन शब्द योगायोगाने सारखे झाले असावेत, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्हांस तसे वाटत नाही. दोन अक्षरांच्या ह्या शब्दाचा वेदकाळापासून सात-बाराच्या उताऱ्यापर्यंतचा प्रवास पाहिला म्हणजे त्याच्या तळाशी एक अर्थ सतत वाहत आलेला दिसतो. आणि तो रक्ताच्या नात्याहून छपराला अधिक जवळचा आहे.

ऋग्वेदात 'कुल' हा शब्द सुटा असा आढळत नाही. दहाव्या मंडलात 'कुलपा' असा सामासिक शब्द येतो. त्याचा अर्थ कुलाचे रक्षण करणारा, घरातील कर्ता. मॅक्डोनेल व कीथ ह्या पंडितद्वयाने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या वैदिक कोशात ह्या शब्दाची नोंद करताना त्याचा मूळ अर्थ घर, राहण्याचे ठिकाण असा दिला आहे. त्या घरात राहणारी माणसे हा अर्थ लक्षणेने पुढचा. आपणही "सगळे घर जत्रेला गेले" असे म्हणतो तेव्हा भिंती चालत गेल्या असा कोणी अर्थ करीत नाही. तीच ही रीत.

हा अर्थ छांदोग्य उपनिषदात किती हृद्य रीतीने आला आहे ते पाहण्यासारखे आहे. सत्यकाम जाबालाची कथा वाचकांस परिचित आहे. गोत्र विचारले असता मुलाला सांगता आले नाही. कारण त्याच्या आईलाच ते ठाऊक नव्हते. तारुण्यात ती अनेक ठिकाणी सेवा करीत फिरली आणि तेव्हा हा झाला. आईने सांगितले ते मुलाने जसेच्या तसे गौतमास सांगितले, आणि त्या सत्य बोलण्यावरच गौतमाने त्याचे उपनयन केले. मग चारशे रोडक्या गाई त्याच्या स्वाधीन केल्या. सहस्र झाल्याशिवाय परतणार नाही असे म्हणून तो रानात गेला. पुष्कळ वर्षे लोटली. अखेर कळपातील वृषभच त्याला म्हणाला की, आम्ही आता सहस्र झालो, आम्हांला आचार्यकुलात घेऊन चल. येथे कुल म्हणजे आचार्याचे घर. ज्या मुलाला सांगावयास कुल नव्हते त्याला कुलात परत नेण्याची आठवण एक बैल करून देतो! उपनिषत्कारांनी हे योजून केले की सहज झाले, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. परंतु 'कुल' शब्दाचे दोन्ही अर्थ ह्या कथेत समोरासमोर उभे आहेत आणि कथा कोणत्या बाजूने झुकते ते सांगावयास नको.

पुढे शब्दाला चढण लागते. पाणिनीने 'कुलीन' हा शब्द सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र सूत्र केले, त्या अर्थी कुल म्हणजे चांगले घराणे हा भाव तोवर लोकांच्या तोंडी रुळलेला असला पाहिजे. अमरकोशाने एकजातीय प्राण्यांच्या समूहाला कुल म्हटले. गाईंचे कुल ते गोकुळ. पुराणांनी तर पर्वतांचीही कुळे मोजली. सात कुलपर्वतांत आपला सह्याद्री आहे. तथापि ह्या सर्व विस्तारात घर हा मूळ अर्थ बुडाला नाही. तो एका अशा शब्दात जाऊन बसला की जो आपण रोज उच्चारतो आणि ज्याच्या पोटात काय आहे ह्याचा विचार क्वचितच करतो.

तो शब्द म्हणजे देऊळ. संस्कृत 'देवकुल', प्राकृत 'देउल', मराठी 'देऊळ', कोंकणी 'देवूळ'. देवाचे कुल, म्हणजे देवाचे घर. तसेच 'राजकुल' ह्याचे 'राउळ' झाले. राजाचा वाडा तो राउळ, आणि पुढे संतांच्या वाङ्मयात देवाचे मंदिर तेही राउळच. कारण देव हा भक्तांचा राजा. महानुभावांच्या वाङ्मयात श्रीगोविंदप्रभूंना राउळ म्हणतात, तोही हाच शब्द माणसाला लागलेला. वाड्याचे नाव वाड्यातल्या धन्याला मिळाले.

देवकुल ह्या शब्दाचा एक विलक्षण उपयोग भासाच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रतिमानाटकात आहे. त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्री यांनी १९१२ सालापासून ही नाटके छापून काढली, तोपर्यंत भास हे बहुधा इतरांनी उल्लेखिलेले नावच उरले होते. ह्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात भरत आजोळाहून अयोध्येस परत येत आहे. बाप वारला हे त्याला कोणी कळविलेले नाही. गावाबाहेर एक सुंदर मंदिर पाहून तो विश्रांतीसाठी आत शिरतो आणि आतील मूर्तींना देव समजून नमस्कार करणार, तोच देवकुलिक, म्हणजे त्या वास्तूचा राखणदार, त्याला थांबवितो. हे देव नव्हेत, इक्ष्वाकुवंशाचे राजे आहेत. हा दिलीप, हा रघू, हा अज. भरत आनंदतो, आपलेच पूर्वज ते. मग तो चौथ्या मूर्तीकडे पाहतो आणि त्याची जीभ अडखळते. जिवंत राजांच्याही प्रतिमा येथे ठेवतात काय, असे तो विचारतो. नाही, केवळ गेलेल्यांच्याच, असे उत्तर मिळते.

देवाच्या घरात पाऊल टाकावे आणि ते आपलेच घर निघावे. आपले घर सापडावे आणि त्याच क्षणी बाप गेल्याचे कळावे! देवकुल आणि स्वकुल ह्या दोन अर्थांच्या मधोमध नाटककाराने भरताला उभे केले आहे. अशा वास्तू केवळ कविकल्पना नव्हत्या. मथुरेजवळ माट ह्या गावी १९११-१२ साली झालेल्या उत्खननात कुशाण राजांचे पुतळे मिळाले. कनिष्काचा सुप्रसिद्ध मस्तकहीन पुतळा त्यांतलाच. तेथील लेखात त्या स्थानाला 'देवकुल' असेच म्हटले आहे.

कालिदासाच्या शाकुंतलाकडे ह्या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले आमच्या वाचनात नाही. परंतु ते सबंध नाटक 'कुल' शब्दाच्या चार अर्थांवर तोललेले आहे. पहिल्या अंकात दुष्यंत आश्रमाशी येतो तेव्हा कुलपती आश्रमात आहेत काय, अशी चौकशी करतो. कुलपती म्हणजे कण्व. दहा हजार शिष्यांना अन्नवस्त्र देऊन जो पढवितो तो कुलपती, अशी जुनी व्याख्या आहे; म्हणजे हे कुल अन्नाने आणि विद्येने जोडलेले. आता विद्यापीठाच्या कुलपतींकडून अन्नाची अपेक्षा कोणी करीत नाही, ही गोष्ट निराळी. चौथ्या अंकात मुलीची पाठवणी करताना कण्व राजाला जो निरोप देतात त्यात आपल्या उच्च कुलाचा विचार कर असे सांगतात. तेथे कुल म्हणजे पुरुवंश. आणि पाचव्या अंकात राजा ओळख देईना तेव्हा शार्ङ्गरव जे बोलतो त्यात ज्ञातिकुल आणि पतिकुल ही जोडी येते: माहेरचे घर आणि सासरचे घर. विवाहित स्त्री केवळ ज्ञातिकुलात राहू लागली तर ती सती असूनही लोक शंका घेतात, असे तो आधी म्हणतो. आणि अखेर, तू निर्दोष असलीस तर पतिकुलात दासी होऊन राहिलेलेही बरे, असे सांगून तिला तेथेच टाकून निघतो. दहा हजारांना पोसणाऱ्या कुलपतीची ही कन्या. तिच्यापुढे उच्च कुलातला राजा. आणि तिला ना हे कुल, ना ते कुल. शब्द चारही अर्थांनी श्रीमंत आणि शकुंतला मात्र उघड्यावर. ह्याहून कठोर टीका कालिदासाला मोकळ्या शब्दांत करता आली नसती असे आम्हांस वाटते.

माहेर ह्या अर्थाचा कुल शब्द प्राकृतात फार प्रचारात होता. जैन आगमांपैकी नायाधम्मकहा ह्या अर्धमागधी ग्रंथात रोहिणीची कथा आहे. धन्य नावाचा सार्थवाह आपल्या चारही सुनांना साळीचे पाच पाच दाणे जपून ठेवावयास देतो. पहिली ते फेकून देते, दुसरी खाऊन टाकते, तिसरी डबीत ठेवते आणि चौथी, रोहिणी, ते माहेरी पाठवून शेतात पेरवून घेते. पाच वर्षांनी दाणे परत मागितले तेव्हा ते आणावयास तिला गाड्या मागाव्या लागल्या. दाणे देताना आणि परत मागताना सासऱ्याने ज्ञातिबांधवांबरोबर सुनांच्या 'कुलघर'च्या माणसांनाही बोलावले होते. कुलघर म्हणजे माहेर. आता आमच्या कोंकणी वाचक भगिनींनी हा शब्द एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा. माहेरी जायचे म्हणजे त्या 'कुळारा' जातात. मराठीने 'माहेर' हा मातृगृहाचा शब्द घेतला, कोंकणीने कुलगृहाचा. लग्न होऊन गोत्र बदलले, देव बदलला, आडनाव बदलले, तरी जन्मघराला कूळ म्हणण्याचा हक्क भाषेने स्त्रीकडून काढून घेतला नाही. धर्मशास्त्राने काढून घेतलेले भाषेने ठेवले, असेच म्हणावे लागेल.

पण कुल ह्या शब्दाची सर्वांत मोठी उलथापालथ गीतेत झाली आहे. पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या श्लोकांत अर्जुनाच्या तोंडी हा शब्द किती वेळा येतो! कुलक्षय, कुलधर्म, कुलस्त्रिया, कुलघ्न. कुलाचा नाश झाला म्हणजे धर्म बुडतो, संकर होतो, पितर खाली पडतात. त्याच्या विषादाची सारी इमारत ह्या एका शब्दावर उभी आहे. श्रीकृष्णांनी दुसऱ्या अध्यायात उत्तर आरंभिले ते आत्म्याच्या विचाराने. कुलाच्या प्रश्नाला त्यांनी थेट हात घातला नाही. तो शब्द भगवंतांच्या तोंडून पुढे सहाव्या अध्यायात येतो, आणि तोही निराळ्याच प्रसंगी. योगभ्रष्टाचे काय होते, असे अर्जुनाने विचारले. भगवान सांगतात की, तो शुचिर्भूत श्रीमंतांच्या घरी जन्म घेतो, अथवा बुद्धिमान योग्यांच्या कुलात जन्म घेतो. पहिल्या ठिकाणी 'गेह' आणि लगेच पुढच्या श्लोकात 'कुल'. म्हणजे कुल पुन्हा घराच्या जोडीला येऊन बसले. आणि कोणाचे कुल? वंशाचा अभिमान बाळगणाऱ्यांचे नव्हे, योग्यांचे.

ह्या श्लोकांवर भाष्य करताना ज्ञानेश्वरांची लेखणी जशी फुलली आहे तशी ती फार थोड्या ठिकाणी फुलली असेल. वय वाढण्याची वाट न पाहता बालपणीच ज्याला ज्ञान वरते त्या योग्याचे वर्णन त्यांनी केले. आणि हे त्यांचे नकळत झालेले आत्मवर्णनच होय, असे रसिक वाचक मानीत आले आहेत. हे लिहिणाऱ्याची कौटुंबिक स्थिती काय होती? संन्याशाची मुले म्हणून ज्या भावंडांना समाजाने कुलाबाहेर ठेवले, शुद्धिपत्रासाठी ज्यांना पैठणास जावे लागले असे परंपरा सांगते, त्यांपैकी एकाने शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला योग्यांच्या कुलावर टीका लिहावी! ज्ञानेश्वरीच्या अखेरीस त्यांनी आपली वंशावळ दिली आहे. पण ती गोविंदपंत-विठ्ठलपंतांची नव्हे. क्षीरसागराच्या तीरी शंकराने पार्वतीला जे सांगितले ते माशाच्या पोटातील मत्स्येंद्राने ऐकले, त्याने ते गोरक्षाला दिले, गोरक्षाने गहिनीला, गहिनीने निवृत्तीला. हेच त्यांचे कूळ.

आणि येथे आणखी एक अर्थ डोकावतो. ज्या मत्स्येंद्रापासून ही परंपरा निघते त्याच्या नावावर 'कौलज्ञाननिर्णय' हा संस्कृत ग्रंथ आहे. प्रबोधचंद्र बागची यांनी तो १९३४ साली छापला. कौलांच्या परिभाषेत कुल म्हणजे शक्ती आणि अकुल म्हणजे शिव. हा गूढ अर्थ आपल्या घरांपासून फार दूरचा आहे असे कोणी समजू नये. शुक्रवारी अथवा नवरात्रात देवीपुढे ललितासहस्रनामाचा पाठ ज्या घरी होतो तेथे कुलाङ्गना, कुलान्तस्था, कौलिनी, कुलयोगिनी अशी कुलशब्दाची नामे ओळीने म्हटली जातात आणि त्यांच्या शेवटी लगेच अकुला हे नाव येते. अठराव्या शतकातील थोर उपासक भास्करराय यांनी आपल्या 'सौभाग्यभास्कर' टीकेत एका कुल शब्दाचे अनेक अर्थ लावून दाखविले: ज्ञाता, ज्ञान व ज्ञेय ह्या सजातीयांचा समूह; पृथ्वीतत्त्व जेथे लीन होते ते मूलाधार; इत्यादी. पाठ करणाऱ्या आमच्या आज्यांना ह्यातले काही ठाऊक नसे. कुलाङ्गना म्हणताच त्यांच्या डोळ्यांसमोर घरंदाज सवाष्ण उभी राही. देवी कुलातलीही आणि अकुलही, हे दोन्ही एका श्वासात म्हणताना त्यांना कधी अडचण वाटली नाही.

भक्तिमार्गाने मात्र हा गूढ अर्थ बाजूला ठेवून सरळ घराण्याच्याच अर्थाला हात घातला. "ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ पाहू नये" ही म्हण आपण सहज म्हणतो. ती शब्दाची धार बोथट करते, पण त्याला मोडीत काढीत नाही. तुकोबांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. ज्यात हरीचे दास जन्मतात ते कूळ पवित्र, अशा आशयाच्या आपल्या प्रसिद्ध अभंगात त्यांनी नावेच घेतली आहेत: तुळाधार वैश्य, गोरा कुंभार, रोहिदास चांभार, कबीर, सेना न्हावी, कान्होपात्रा, चोखामेळा, बंका, नामयाची जनी. कुलीनतेची यादी करावी तशी ही यादी केली आहे. फक्त नावे दुसरी आहेत. शब्द नाकारण्यापेक्षा तो हिसकावून घेणे हे अधिक अवघड काम, आणि ते तुकोबांनी केले.

आता पुन्हा देवळाकडे वळू. सोळाव्या शतकात गोमंतकावर जो प्रसंग ओढवला तो ह्या पानांच्या वाचकांस नव्याने सांगण्याची गरज नाही. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडण्यात आली. अंत्रुज महाल त्या वेळी आदिलशाहीत होता, म्हणून देवांना तेथे थारा मिळाला. देवकुल शब्दाचे दोन भाग त्या रात्री एकमेकांपासून तुटले, असे आम्ही म्हणतो. वास्तू गेली, देव आणि त्याची माणसे उरली. पुढे ती माणसेही घाटावर, कारवारात, मंगळुरास, कोचीपर्यंत पांगली. मग त्यांना देवाशी बांधणारे उरले काय? कुळावी हा शब्द. ज्याचे शेत तेथे नाही, घर तेथे नाही, मतही तेथे नाही, असा मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला कवळ्याचा किंवा मंगेशीचा कुळावी म्हणवितो. इंदूरच्या होळकरांनी जेजुरीचा खंडोबा सोडला नाही, ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी वाडी रत्नागिरीचा जोतिबा सोडला नाही, तेही ह्याच धाग्याने.

ह्यात एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. पोर्तुगीज सरकारने १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली देवस्थानांसाठी माझानींचे नियम केले तेव्हा कायद्याने ओळखला तो महाजन. त्याचे नाव नोंदवहीत, त्याला मत, त्याला कारभार. कुळावी त्या चौकटीबाहेर राहिला. त्याचा हक्क श्रद्धेचा. म्हणून तो कागदावर आला नाही आणि म्हणूनच कोणाला तो काढूनही घेता आला नाही. कुंकळ्ळीच्या शांतादुर्गेची फातर्प्याहून छत्र्यांची मिरवणूक निघते, त्या छत्र्या गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे बारा मूळ घराण्यांच्या, मानतात. त्या गावची पुष्कळ घराणी पुढे ख्रिस्ती झाली. छत्र्या बाराच राहिल्या.

राहिले ते शेतातले कूळ. घर ह्या अर्थाचा शब्द कसणाऱ्याला कसा लागला, ह्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. कारण नेमके असेच दुसऱ्या एका शब्दाचे झाले आहे. जुन्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावातील ज्या रहिवाशांना राजा उद्देशून बोलतो त्यांत 'कुटुंबिन्' असतात, म्हणजे घरवाले, संसारी, आपली शेती असलेले. ह्या कुटुंबी शब्दाचाच आपला कुणबी झाला. राज्य सारा घेते तो घरागणिक. तेव्हा दफ्तरात घर म्हणजेच सारा भरणारा. कुटुंबापासून कुणबी, तद्वत् कुळापासून कूळ, असा आमचा तर्क आहे. एकेका कुळाचा हिशेब लिहिणारा तो कुळकर्णी. एकेकाशी वेगळा आकार ठरविण्याची ती कुळवार पद्धती. मग सावकारानेही आपल्या ऋणकोला कूळ म्हटले. मात्र बेळगावाकडचा शेजारी कानडीत 'दोड्ड कुळ' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मोठा धनवान असतो. एका भाषेत बाकीदार, शेजारच्या भाषेत धनको! शब्दांची दैवे अशी असतात.

मराठीत ह्या कुळाचे लिंग पाहावे. माणूस पुरुष असो वा स्त्री, ते कूळ नपुंसकच. कूळ आले, कूळ पळाले, कूळ बुडाले. घराला नपुंसकलिंग शोभते. पण घरावरून माणसावर शब्द आला तेव्हा त्याचे लिंग बदलावे असे दफ्तराला वाटले नाही.

ह्या दोन कुळांची साहित्यात एकदा समोरासमोर गाठ पडलेली आहे, आणि ती शिवछत्रपतींच्या नावाभोवती. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर महाराजांच्या पत्रांवर 'क्षत्रियकुलावतंस' हे बिरुद येऊ लागले: क्षत्रियांच्या कुलाचे भूषण. राज्याभिषेकाच्या वेळी कुलाचा प्रश्न किती बिकट करण्यात आला होता हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना ह्या बिरुदाचे वजन कळेल. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांचा पवाडा रचला आणि त्यात राजांना म्हटले 'कुळवाडीभूषण': शेत कसणाऱ्यांचे भूषण. अवतंस म्हणजे भूषणच. दोन्ही बिरुदांची घडण एक, दोहोंच्या आरंभी तोच शब्द; एकात वंशावळीचे कुल आणि दुसऱ्यात नांगराचे कूळ. जोतीरावांना जुने बिरुद ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. त्यांनी ते पुसले नाही, फक्त त्यातला शब्द खालच्या मजल्यावर आणला.

त्या मजल्यावरचा पुढचा इतिहास कायद्याच्या पुस्तकांत आहे. मुंबई राज्यात १९४८ चा कुळकायदा झाला. बेळगावही तेव्हा त्याच राज्यात होते. १९५७ च्या १ एप्रिलला कसणारी कुळे जमिनीची खरेदीदार मानली गेली. धर्मस्थानांच्या जमिनींना त्यातल्या काही कलमांतून वगळण्यात आले, म्हणून देवाची कुळे मागे राहिली. मुंबई राज्यात कुळकर्ण्यांची वतने १९५० च्या कायद्याने आधीच संपली होती. कुळाचा हिशेब लिहिणारा गेला आणि मग कूळ मालक होऊ लागले. गोव्यात मुक्तीनंतर १९६४ साली कूळ-वहिवाटीचा कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने येथेही कुळाला मालकीची वाट उघडली. देवस्थानांच्या कारभाऱ्यांना त्यातून ओढग्रस्त झाली, नंदादीपाच्या तेलाचे कोठून आणावे असा प्रश्न पडला, हे खोटे नाही. शेत कसणाऱ्याच्या घरी त्याच वर्षी काय वाटले असेल हेही विचारावयास हवे. जो खंड घालीत होता त्याच्या घराण्याचाही देव बहुधा तोच होता. पुष्कळ ठिकाणी देवाचे कूळ आणि देवाचा कुळावी ही एकाच उंबरठ्याआतली माणसे होती. वहीत त्यांची पाने निराळी, एवढेच.

सात-बाराच्या उताऱ्यावर 'कुळाचे नाव' म्हणून एक जागा असते. खरेदीची किंमत भरून झाली आणि दाखला मिळाला म्हणजे तलाठी त्या जागेतले नाव काढून कब्जेदाराच्या रकान्यात लिहितो. ज्या घरांत हा फेर झाला तेथे शेताच्या संबंधात कूळ हा शब्द आता कोणी वापरीत नाही. जत्रा आली की मात्र तीच माणसे कुळाचाराची तयारी करतात, लेकी कुळारा येतात आणि सगळे घर देवळाकडे निघते.